सात आणि आठ नंबरला मरू द्या

३ फेब्रुवारी

आजपासून मी बाटल्या धुते. ताईने सकाळी डबा हातात देताना सांगितलं, महिनाभर टिकलीस तर तुझं नाव भिंतीवर कोरून ठेवीन. भावजी म्हणाले, खडूने लिही, पुसायला सोपं.

भावजी या संशोधन संस्थेत यंत्रं दुरुस्त करतात, त्यांच्याच शब्दावर मला घेतलंय. गेले दोन महिने मी त्यांच्या सोफ्यावर राहते. त्याआधी बोटीवर तिकिटं फाडली, फोटो स्टुडिओत लोकांच्या माना सरळ केल्या, मधमाश्यांची खोकी घेऊन एका म्हाताऱ्याबरोबर गावोगाव हिंडले. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलं. मी सोडलं की त्यांनी सोडलं, यावर घरात दोन मतं आहेत.

ही वहीही भावजींचीच. यंत्रांच्या नोंदीची, पक्क्या बांधणीची. प्रत्येक पानावर आकडा छापलेला आणि वर 'तारीख, वेळ, तापमान'. पान फाडलं तर लगेच कळतं. तापमान: बरं आहे.

५ फेब्रुवारी

इथे एक बाई आहे, तिला मी मनात मुंगी म्हणते. वय तिशीच्या आत, आणि रिकाम्या हाताने चालताना मला ती अजून दिसलेली नाही. तीन वर्षं एकाच विषाणूच्या मागे आहे. तिच्या वर एक सर आहेत, ते घुबड. आवाज न करता मागे येऊन उभे राहतात आणि पापणी मिटायला इतरांपेक्षा जास्त वेळ घेतात.

बाटल्यांत काय असतं, असं मुंगीला विचारलं आणि फसले. अर्धा तास गेला. पण मजा आली, म्हणून मला समजलं तसं लिहून ठेवते.

रक्तात पहारेकरी असतात, टी-पेशी. परकं कुणी दिसलं की बोंब ठोकायची, फौज वाढवायची, काम झालं की गप बसायचं. हा विषाणू नेमका पहारेकऱ्याच्याच घरात शिरतो. नाव एचटीएलव्ही-एक. सुटा हिंडणं त्याला फारसं जमत नाही. एक पेशी दुसरीला गालाला गाल लावून चिकटते आणि त्या फटीतून हा पलीकडे जातो. आत गेल्यावर स्वतःची चिठ्ठी पेशीच्या लिपीत उतरवून घेतो आणि तिच्या कुळाच्या पोथीत मधेच एक पान म्हणून चिकटवतो. पुढे पेशीच्या दोन झाल्या, चार झाल्या, तरी प्रत्येकीच्या पोथीत ते पान असतंच.

"म्हणजे घरजावई," मी म्हटलं.

मुंगी इतकी हसली की हातातली नळी टेबलावर ठेवावी लागली. म्हणजे आज ती एकदा रिकाम्या हाताची दिसली.

बहुतेक माणसांत हा जावई जन्मभर निमूट बसतो. शंभरात चार-पाच जणांत, तेही कित्येक वर्षांनी, पहारेकरी बिघडतात. कुणी हुकूम दिलेला नसताना वाढतच सुटतात. मग तो रक्ताचा कर्करोग. निमूट बसण्यापासून सुटण्यापर्यंत मधल्या काळात काय होतं, ते मुंगीला पकडायचंय.

९ फेब्रुवारी

ताईचं बाळ चार महिन्यांचं आहे. हा विषाणू आईच्या दुधातून बाळाला जातो असं काल कानावर पडलं आणि माझं धाबं दणाणलं. घरी आल्यावर दोनदा अंघोळ केली, कपडे वेगळे भिजवले आणि बाळाकडे दारातूनच बघून हात हलवला. ताई म्हणाली, हिला आता माणसंही चालेनाशी झाली.

आज मुंगीला विचारलं. ती म्हणाली, दुधातही त्या आईच्या पेशीच असतात, त्यांच्यात बसून तो जातो. आईलाच लागण नसेल तर दूध म्हणजे दूधच. कपड्यांवरून, हवेतून तो येत नाही. रक्तातून येतो, शरीरसंबंधातून येतो, म्हणून हातमोजे घालायचे आणि सुई दिसली की लांब राहायचं. घरी येऊन बाळाला उचललं. त्याने माझ्या खांद्यावर दूध काढलं. तेही दूधच.

१७ फेब्रुवारी

मुंगीच्या खऱ्या आठ बाटल्या आज पाहिल्या. शरीराइतकी ऊब असणाऱ्या कपाटात आडव्या झोपवलेल्या, आत लाल पाणी. एक ते सहा नंबरात एका निरोगी माणसाच्या टी-पेशी आहेत, त्यांना लागण झालेल्या पेशींशी गाल लावू दिले होते. सात आणि आठमध्ये त्याच माणसाच्या पेशी, पण कुणाशी गाठ न घातलेल्या. त्यांना सगळे कोऱ्या म्हणतात.

या पेशींना वाढायला बाहेरून हुकूम लागतो. तो हुकूम म्हणजे एक औषध, इथे त्याला खुराक म्हणतात. दर दोन दिवसांनी थेंब थेंब द्यायचा. दोन महिने झाले की खुराक बंद करायचा. कोऱ्या मेल्या पाहिजेत. सहांतली एखादी जगली तर ती सुटली, तिला हुकूम लागेनासा झाला. मुंगीला तीच हवी आहे.

मी म्हटलं, कोऱ्यांचा काय गुन्हा? त्यांना कशाला मारायचं? मुंगी म्हणाली, त्या मेल्या नाहीत तर जगलेलीला काही अर्थच उरत नाही. मला हे फार निर्दय वाटलं. सातवर कोपऱ्यात बोटाने एक हसरा चेहरा काढला.

हा तिचा तिसरा प्रयत्न आहे. पहिल्या दोन्ही वेळा आठही मेल्या. भावजी सांगत होते, घुबडसरांनी बजावलंय: यावेळी जमलं तर प्रबंध लिहायला बस, नाही जमलं तर विषय सोड. सोडायचा म्हणजे तीन वर्षं वाऱ्यावर. ताई म्हणाली, बिचारी. आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, काहींना तीन आठवडेही जड जातात.

१ मार्च

महिना झाला. भिंत कोरीच आहे, ताई शब्दाची पक्की नाही.

मला खुराक द्यायला शिकवलं. मुंगी म्हणते, माझा हात चांगला आहे, थरथरत नाही. पेशी जेवत असल्या की लाल पाणी पिवळं होत जातं, उपाशी किंवा मेलेल्या असल्या की लालच राहतं. सूक्ष्मदर्शकात जिवंत पेशी द्राक्षांच्या घोसांसारख्या जमतात.

आठही बाटल्यांतल्या थोड्या थोड्या पेशी आज छोट्या कुप्यांत भरून गारठवल्या. भावजींच्या अखत्यारीत एक टाकी आहे, झाकण उघडलं की ढग बाहेर येतात, तिच्यात त्या ठेवल्या. मी विचारलं, कशाला? मुंगी म्हणाली, सवय.

८ मार्च

मुंगीच्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, ती सात दिवस गावी गेली. जाताना स्वतः खुराक दिला आणि मला कागद दिला: १०, १२, १४. नेमकी पुढची इमारत रंगवायला काढलीय, म्हणून संस्था बंद आहे. मागच्या दाराची किल्ली माझ्याकडे दिली आहे. माझ्याकडे. घराचीसुद्धा मला अजून कुणी दिलेली नाही.

९ मार्च

आज एक देवमासा भेटला.

म्हणजे त्याचा सांगाडा. संग्रहालय नव्या जागी चाललंय, तीन ट्रकांवर हाडं लादलेली. जबडा रस्त्याहून रुंद, म्हणून पुढे लाल बावटा घेऊन चालणारं माणूस हवं होतं आणि त्यांचं माणूस आलं नव्हतं. मी बावटा हातात धरून बघितला, एवढंच. उद्या दुपारपर्यंत परत. किल्ली खिशात आहे.

१० मार्च

ट्रकचं चाक चिखलात रुतलं. देवमाशाच्या बरगडीखाली बसून जेवलो. त्याच्या शेपटीच्या अलीकडे दोन बारीक हाडं लोंबत होती, ती पूर्वीच्या मागच्या पायांची म्हणे. ट्रकवाला म्हणाला, चालणारा प्राणी पाण्यात परत गेला, कारण त्याला जमिनीवर करमेना. मला तो प्राणी समजला.

आज खुराकाचा दिवस. एक वेळ चुकली तर काय होतंय, मीही कितीदा तशीच झोपते.

१२ मार्च

कवटी उतरवताना मी दोर धरला. माझा हात थरथरत नाही हे इथेही सगळ्यांना पटलं.

बाटल्यांची थोडी आठवण येते.

१४ मार्च

आले. बोंबललं सगळं.

कपाट उघडलं तर सात बाटल्या छान लालचुटुक. एक क्षण वाटलं, किती टवटवीत. मग आठवलं. सूक्ष्मदर्शकात पाहिलं तर नुसता चुरा, भिंतीचा रंग खरवडल्यावर पडतो तसा. एकेक करून बघितल्या. एक, दोन, तीन, चुरा. पाच, सहा, सात, आठ, चुरा. हसरा चेहराही पुसला गेला होता.

फक्त चार नंबर पिवळी. आत एवढे घोस की मधली जागा दिसेना. बिचारीचं पाणी नासलं होतं तरी ती वाढतच होती.

मी खुर्चीत बसले. मुंगी उद्या येणार. तीन वर्षं, तिचे वडील, ते घुबड, आणि भावजींनी माझ्यासाठी टाकलेला शब्द, सगळं एकदम डोक्यात आलं. मग उपाय सुचला, इतका सोपा की मला माझंच कौतुक वाटलं. चारमध्ये रग्गड आहेत. सगळ्या एकाच माणसाच्या पेशी, मग वाटून घेतल्या तर कुणाचं काय जातंय? हात धुतले, मोजे घातले, काचेच्या कपाटात सगळं नीट मांडलं आणि चारमधलं थोडं थोडं प्रत्येक बाटलीत घातलं. नवं पाणी, दुप्पट खुराक. सात आणि आठलाही दिलं. पंक्तिभेद मला आवडत नाही. त्यांच्या नशिबी आधीच मरण लिहिलंय, निदान तोवर तरी जगू देत.

एक थेंब सांडला नाही. हात चांगला आहे.

१५ मार्च

मुंगी आली. वडिलांना दिसायला लागलंय, त्यांनी पहिल्यांदा तिचे पांढरे केस मोजले म्हणे. बाटल्या पाहून म्हणाली, जरा पातळ वाटतायत. मी म्हटलं, तुम्ही नव्हता ना. तिने माझ्यासाठी गावाहून एक पेन आणलंय. त्याने लिहितेय. चांगलं चालतं. आज जास्त लिहावंसं वाटत नाही.

३० मार्च

बाटल्या जोरात आहेत, आठही. मुंगी पहिल्यांदाच काम करताना गुणगुणते. आज खुराक बंद केला. आता आठवडाभर बघायचं. तिची झोप उडाली आहे, माझी उडालेली नाही. मला वाटतं, यावेळी जमणार.

६ एप्रिल

आठही पिवळ्या. आठांतही घोस. खुराकाचा थेंब नसताना.

मी पेढ्यांची ऑर्डर द्यायच्या बेतात होते आणि मुंगीचा चेहरा पाहिला. तिने सात नंबर तीनदा पाहिली, आठ तीनदा पाहिली. मग हातमोजे काढले आणि नुसती बसून राहिली. मी म्हटलं, सगळ्या जगल्या की. ती म्हणाली, सगळ्या नव्हत्या जगायच्या.

७ एप्रिल

कालपासून ती स्वतःची वही उलटीसुलटी वाचतेय. तिला वाटतंय तिच्याच हातून कधीतरी एका बाटलीतली नळी दुसरीत गेली. कधी, ते सापडत नाही. कदाचित पहिल्याच दिवशी. मग टाकीतल्या कुप्याही बाद, सगळंच बाद. घुबडसर आले, पापणी मिटली, म्हणाले शुक्रवारी आठही वाफेत घालून मारून टाक आणि सोमवारी नव्या विषयाचं बोलू. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

भावजींकडे मुंगी म्हणाली, माझा हातच वाईट आहे.

मला जेवण गेलं नाही. ताईने कपाळाला हात लावून पाहिला.

८ एप्रिल, गुरुवार

सकाळपासून सात वाक्यं जुळवली. त्यांतल्या तीन वाक्यांत वीज गेली होती, दोनांत भावजींची चूक होती. दुपारी मुंगी आठ बाटल्या ट्रेमध्ये मांडत होती. तिने चार नंबर उचलली आणि इतरांसारखीच आडवी टाकली, जणू तीही त्यांच्यातलीच. ते मला बघवेना.

म्हटलं, "चारला वाफेत घालू नका. ती एकटीच खरी आहे. बाकीच्यांत मी तीच घातलीय."

मग सगळं सांगितलं. देवमासा, बावटा, चुरा, पंक्तिभेद. ती ऐकत राहिली. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत होते, कानाखाली बसेल याची वाट बघत. बराच वेळ काही बसलं नाही, तेव्हा वर पाहिलं.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"काय किती?"

"चार नंबर. खुराकाशिवाय किती दिवस होती?"

"आठला तुम्ही दिला. चौदाला मी. सहा."

"आणि पाणी पिवळं?"

"लिंबासारखं."

तिने ट्रेमधून चार नंबर उचलली आणि दोन्ही हातांत धरली. मग मला जे सुनावलं ते या वहीत मावणार नाही. मुंगीला इतके शब्द येतात हे मला माहीत नव्हतं. एका शब्दाचा अर्थ संध्याकाळी भावजींना विचारावा लागला आणि तेही लाजले. त्यांनाही मग सगळं सांगितलं. ते ताईला म्हणाले, खडूनेच लिहायला हवं होतं.

९ एप्रिल

घुबडसरांच्या खोलीत उभी होते. मुंगीचं म्हणणं असं: घोटाळा चौदा मार्चला झाला, टाकीतल्या कुप्या एक मार्चच्या. म्हणजे कुप्या स्वच्छ. त्या उठवायच्या, पुन्हा वाढवायच्या, पुन्हा खुराक तोडायचा. आणि आठही बाटल्यांत विषाणूचं पान पोथीत कुठे चिकटलंय ते तपासायचं. दर वेळी तो वेगळ्या जागी चिकटतो. पत्ता आठांतही एकच निघाला, तर त्या एकाच पेशीची पोरं आणि ही पोरगी खरं बोलतेय.

सर म्हणाले, पत्ता एकच निघेलही, पण मिसळ चौदालाच झाली आणि त्याआधी नाही, याला पुरावा काय? बाटल्या धुणाऱ्या मुलीचा शब्द?

मुंगी माझ्याकडे वळली. म्हणाली, तुझ्याकडे तारखा कुठे लिहिलेल्या आहेत का?

मी नाही म्हणणार होते. पण ही वही यंत्रांच्या नोंदीची, पानांवर आकडे छापलेले, एकही फाटलेलं नाही. इतका पक्का पुरावा संस्थेत दुसरा नाही. आणि तिच्या पान पाचवरच मुंगी आणि घुबड आहेत.

उद्या सकाळी द्यायची आहे. 'घुबड' खोडायला घेतलं होतं, मग लक्षात आलं, एक शब्द खोडला की बाकीचेही संशयात. तसंच ठेवते. सर, वाचत असाल तर पापणीचं मी प्रेमाने लिहिलंय.

२१ एप्रिल, नवी वही

जुनी मुंगीच्या कपाटात कुलपात आहे. सरांनी ती पहिल्या पानापासून वाचली. परत भेटले तेव्हा म्हणाले, "घुबडाला मान मागे वळवता येते. मला स्पाँडिलायटिस आहे." आणि गेले. मुंगीने पान पाचबद्दल अजून चकार शब्द काढलेला नाही. मात्र काल माझ्यासमोर दोन्ही हात रिकामे हलवत व्हरांडाभर चालली.

पत्ते आले. आठही बाटल्यांत विषाणू एकाच जागी चिकटलेला, आणि चार नंबरच्या जुन्या कुपीतही तोच पत्ता. सर म्हणाले, ठीक, एकदाच करून दाखव. जुनी चार पुन्हा जगली आणि जुन्या कोऱ्या मेल्या, तर प्रबंध. कोऱ्या जगल्या तर कुप्याही घाण, मग पुढे बोलायचं नाही.

मला पेशींना हात लावायची बंदी आहे. नव्या सात आणि आठच्या राखणीला मात्र मुंगीने मलाच बसवलं. दिवसातून तीनदा सूक्ष्मदर्शकात बघायचं आणि लिहायचं. बघायचं फक्त.

१६ मे

कोऱ्या अजून खुराकावर आहेत आणि गुबगुबीत झाल्यात. उद्या तुटणार. मधमाश्यांवाल्या म्हाताऱ्याचा निरोप आला होता, फुलांचा मोसम आहे, येतेस का. कळवलं, दोघी मरेपर्यंत हलता येत नाही. त्याने परत निरोप पाठवला: कुणाचं काय झालंय?

२० मे

तिसरा दिवस. सातमध्ये घोस सुटायला लागलेत, आठमध्ये मात्र अजून घट्ट आहेत. मुंगी विचारत नाही, फक्त माझ्या खुर्चीमागून तेराव्यांदा गेली. आठ नंबरला मी मनातल्या मनात काय काय म्हणाले ते लिहीत नाही, ही वहीही कुणी मागेल.

२२ मे

चार नंबर पिवळी. ती खुशाल आहे, तिला कुणाची गरज नाही. आठमध्ये अजून तीन-चार घोस आहेत. मुंगीने आज डबा उघडलाच नाही. मी अर्धी पोळी तिच्यासमोर ठेवली. ती म्हणाली, आठ जगली तर? मी म्हटलं, नाही जगणार, मी इथे बसलेय. यात शास्त्र काही नाही हे आम्हा दोघींनाही माहीत आहे.

२४ मे

सकाळी नऊला पाहिलं. सात: चुरा. आठ: चुरा. एक कोपरा राहिला होता तिथे काहीतरी गोल दिसलं. मुंगीला बोलावलं. तिने बराच वेळ पाहिलं, भिंग बदलून पाहिलं, रंग घालून पाहिलं. मेलेली पेशी रंग पिते, जिवंत पीत नाही. ती निळीशार झाली.

"गेली," मुंगी म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. दोघीही."

मग ती रडायला लागली आणि मीही, आणि रडता रडता आम्ही एकमेकींचे हात धरून त्या टेबलाभोवती दोन फेऱ्या मारल्या. नेमके तेव्हाच भावजी पंखा दुरुस्त करायला शिडी घेऊन दारात आले. उभे राहिले आणि दबक्या आवाजात विचारलं, काय झालं.

मी म्हटलं, "मेल्या, भावजी. सगळ्या मेल्या."

त्यांनी शिडी उचलली, दार हलकेच ओढून घेतलं आणि बाहेरच उभे राहिले, आमचं दुःख ओसरेपर्यंत.